छोट्या होडीवर बॅटरी कशी बसवावी? नांदेड-लातूरच्या मच्छीमारांसाठी उपयुक्त माहिती

नांदेडचं विष्णुपुरी, कंधार-लोहा भागातले बारूळ आणि लिंबोटी, लातूरकरांची तहान भागवणारं धनेगावचं मांजरा धरण. या जलाशयांवर अनेक कुटुंबांची रोजीरोटी चालते. कुणी पकडतो, कुणी बाजारात विकतो. कटला, रोहू, मृगळ, मरळ आणि चिलापी हे इथले नेहमीचे मासे. होड्या लहान असतात, काही ठिकाणी तर थर्माकोलच्या तराफ्यावरच काम चालतं. अशा होडीवर आता एलईडी दिवा, मोबाइल चार्जर, पाण्याची खोली दाखवणारा फिश फाइंडर आणि छोटी इलेक्ट्रिक मोटर वापरता येते. पण वीज आणि पाणी एकत्र आले की चुकीला माफी नसते. म्हणून खरेदीआधी हिशोब समजून घेऊ.

आधी हिशोब, मग खरेदी

होडीवर १२ व्होल्टची बॅटरी पुरते. उपकरणाचे वॅट गुणिले तास केलं की वॅट-तास मिळतात. त्याला १२ ने भागलं की अँपिअर-तास (एएच) कळतात. एका रात्रीचं उदाहरण घ्या:

- १० वॅटचे दोन एलईडी दिवे, ६ तास: १२० वॅट-तास
- ८ वॅटचा फिश फाइंडर, ४ तास: ३२ वॅट-तास
- १० वॅटचं मोबाइल चार्जिंग, ३ तास: ३० वॅट-तास

एकूण १८२ वॅट-तास, म्हणजे साधारण १५ एएच. पण म्हणून १५ एएचची बॅटरी घेऊ नका. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी करत राहिलं तर ती लवकर खराब होते. त्यामुळे तिथे किमान ३० आणि थोडी राखीव धरून ४० एएच लागते. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, तिथे २० ते २५ एएचमध्ये भागतं.

मोटरचं गणित मात्र वेगळंच आहे. छोटी मोटर पूर्ण वेगात ३० ते ५० अँपिअर ओढते. ३० अँपिअरने दोन तास चालवली तर ६० एएच संपले. त्यासाठी लेड-ॲसिडमध्ये १२० एएचपेक्षा मोठीच बॅटरी हवी. म्हणून सुरुवात दिव्यापासून करा. मोटर नंतर बघता येईल. मोटर घेतली तरी वल्हं घरी ठेवू नका.

कोणती बॅटरी?

गाडीची जुनी बॅटरी बरेच जण वापरतात, कारण ती हाताशी असते. पण ती इंजिन सुरू करण्यापुरता एकदम मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते. रात्रभर हळूहळू वापरली तर थोड्याच महिन्यांत बसते. होडीसाठी इन्व्हर्टरला लावतात तसली डीप सायकल बॅटरी बरी.

वजनही बघा. १०० एएचची लेड-ॲसिड बॅटरी ३० किलो किंवा त्याहून जड असते, तेवढीच लिथियम फेरो फॉस्फेट साधारण १२ किलोची. थर्माकोलच्या तराफ्यावर एका कडेला ३० किलो ठेवले तर तोल जाईल. बॅटरी मधोमध, खाली आणि पट्ट्याने बांधूनच ठेवा.

जोडणी करताना

- पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागण्याआधी तो उडतो.
- मोटरला जाड वायर लावा. बॅटरी ते मोटर अंतर ३ मीटर, करंट ३० अँपिअर आणि वायर २.५ स्क्वेअर एमएमची असेल तर सव्वा व्होल्ट वायरमध्येच जातो आणि वायर तापते. १० स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर नुकसान पाव ते एक तृतीयांश व्होल्टवर येतं.
- बॅटरी झाकणाच्या डब्यात ठेवा, पण डब्याला हवेसाठी भोकं हवीत. लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. जवळ बिडी, काडी नको.
- होडीवर इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट करू नका. सगळी उपकरणं १२ व्होल्टचीच घ्या.

चार्जिंग

लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटा खराब होतात. रात्री वापरली की दुसऱ्या दिवशी चार्ज कराच. मराठवाड्यात ऊन भरपूर आहे. ५० वॅटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण १७५ ते २०० वॅट-तास देतं, म्हणजे वरचा रात्रीचा खर्च जेमतेम भरून निघतो. पावसाळ्याचा विचार करून ७५ किंवा १०० वॅटचं घ्या. मध्ये चार्ज कंट्रोलर लागतोच.

पाण्यात करंट सोडू नका

काही जण बॅटरीवर चालणारं शॉक मशीन किंवा थेट तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडतात. याला मासेमारी म्हणत नाहीत. त्या करंटने मोठ्या माशाबरोबर बोटुकलीही मरते, म्हणजे पुढच्या वर्षीचा माल आजच संपतो. पाण्यात उतरलेल्या माणसाचे स्नायू आखडतात, त्याला पोहता येत नाही आणि तो बुडतो. करंट सोडणारा स्वतःही यातून वाचेल याची खात्री नाही. आकडा टाकणं ही वीजचोरी आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारण्यावर तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनच बंदी आहे.

समुद्रातही हाच वाद झाला. जनरेटरवर प्रखर एलईडी लावून मासे गोळा करण्याने लहान मच्छीमारांच्या वाट्याला काही उरत नाही, अशी तक्रार होती. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्रात त्यावर बंदी घातली. आपल्या होडीवरचा दिवा जाळं आणि वाट दिसण्यापुरता असावा.

पैसा लावण्याआधी

जलाशयातली मासेमारी सहसा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. आधी संस्थेशी बोला. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. किसान क्रेडिट कार्डही मच्छीमारांना मिळतं. तुमची खरेदी त्यात बसते का, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात आधी विचारा. मंजुरीआधी घेतलेल्या वस्तूवर अनुदान मिळेलच असं धरून चालू नका.

आणखी एक गोष्ट. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाणी नसलं की होडी काठावर आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच. म्हणून सामान सुटं करून घरी नेता येईल असंच घ्या. तीच बॅटरी आणि तेच पॅनेल दुष्काळात घरातला दिवा किंवा बाजारातली हातगाडी उजळेल.

शेवटी, बॅटरीच्या आधी लाइफ जॅकेट घ्या. विष्णुपुरीसारख्या ठिकाणी दरवाजे आणि उपसा पंपांच्या तोंडापासून लांब राहा. पाणी सोडण्याची सूचना आली की होडी लगेच काठाला लावा.