तळटीप १४ : मृगातला धूसर ठिपका

१४. लांज्याच्या सड्यावरून दिसलेला हा ठिपका म्हणजे मृगातला ‘एम-४२’ तेजोमेघ. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर कोकणात ‘मृग लागतो’ तेव्हा सूर्यच आकाशाच्या त्या भागात असतो, त्यामुळे तो दिसत नाही. प्रकरणातली रात्र पौषातली आहे. मृगाच्या पोटात रुतलेल्या तीन ताऱ्यांच्या बाणापासून थोडे दक्षिणेला पाहावे. काळोखी रात्र असेल तर दुर्बीणही लागत नाही.

अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे.

मध्यभागी तरुण, वजनदार ताऱ्यांची चौकडी आहे. त्यांतल्या सर्वांत प्रखर ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या तीसपटींहून अधिक. त्याच्या अतिनील किरणांनी भोवतालचा हायड्रोजन आयनित होतो आणि सुमारे १०,००० अंशांपर्यंत तापतो. पाठीमागे थंड, दाट रेणुमेघाची भिंत असल्यामुळे हा तप्त वायू मोकळ्या बाजूने, म्हणजे आपल्या दिशेने, सेकंदाला सुमारे १० किलोमीटर वेगाने वाहतो. शिवाय या ताऱ्याच्या वाऱ्याने वायूचे एक विशाल कवच फुग्यासारखे फुगवले आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार ते सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने पसरते आहे. वर्णपटातल्या रेषा किती सरकल्या, त्यावरून हे वेग कळतात.

दाट धुळीआडचे असे इतर मेघ मात्र साध्या दुर्बिणीला दिसत नाहीत, पण रेडिओलहरी त्या धुळीतून आरपार येतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात उभ्या असलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना त्या टिपतात आणि आयनित वायूचे नकाशे तयार होतात.