कायेनचं घड्याळ आणि पृथ्वीचा फुगवटा

आजची गोष्ट जेमतेम तीन मिलिमीटरची आहे. पण त्या तीन मिलिमीटरमुळे साऱ्या जगासाठी एकच माप असावं ही कल्पना अडचणीत आली आणि पृथ्वी नेमकी कशी आहे, हा वाद उभा राहिला.

सतराव्या शतकात प्रत्येक देशाचा फूट वेगळा, गावागणिक हात वेगळा. त्यावर फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यां पिकार यांनी 1671 मध्ये एक उपाय सुचवला. ज्या लंबकाला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद लागतो, त्याची लांबी हेच माप माना. ही लांबी साधारण 99.4 सेंटिमीटर भरते. आकाशातल्या ताऱ्यांवरून सेकंद ठरवायचा, दोरीला गोळा बांधायचा, की झालं माप तयार. राजाची पट्टी नको की दरबाराचा शिक्का नको. अट एकच होती : ही लांबी सगळीकडे सारखी हवी.

पुढच्याच वर्षी, 1672 मध्ये, पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं ज्यां रिशे यांना दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर कायेनला पाठवलं. मुख्य काम मंगळाच्या निरीक्षणाचं होतं. तिथं त्यांनी सेकंदाचा लंबकही मोजला. कायेन विषुववृत्तापासून फक्त पाच अंशांवर, तर पॅरिस जवळजवळ एकोणपन्नास अंशांवर. पॅरिसच्या लांबीचा लंबक कायेनला मंद चालत होता. सेकंद जुळवायचा तर लंबक सव्वा 'लाइन'नं, म्हणजे सुमारे 2.8 मिलिमीटरनं आखूड करावा लागत होता. न्यूटननं पुढे घड्याळाचा फरक दिवसाला 2 मिनिटं 28 सेकंद असा नोंदवला. आजच्या हिशोबानं तो दोन मिनिटांच्या आसपास येतो.

आता रिशेंच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? लंबक जरा वर सरकवला असता, घड्याळ जुळवलं असतं आणि विषय संपवला असता. रिशेंनी तसं केलं नाही. दहा महिने, एकही आठवडा न चुकवता, त्यांनी ते मोजमाप पुन्हा पुन्हा केलं आणि 1679 च्या आपल्या अहवालात छापलं.

शंका घेतल्या गेल्याच. खुद्द पिकार यांना डेन्मार्कला पॅरिसइतकीच लांबी मिळाली होती. उष्ण हवेत धातू प्रसरण पावतो, त्यामुळे लंबक लांबला असेल, असंही म्हणता येत होतं. न्यूटननं त्या प्रसरणाचाही हिशोब केला. एवढा फरक त्यानं पडत नाही, हे दाखवलं.

मग कारण काय? साध्या तराजूनं हे कधीच कळलं नसतं. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात तांदूळ. दोन्ही सारखेच हलके होतात आणि काटा मधोमध राहतो. लंबकाची गती मात्र त्या जागच्या गुरुत्वाकर्षणावरच अवलंबून असते.

न्यूटननं 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त उत्तर दिलं. विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला सुमारे 465 मीटर वेगानं फिरते. आपल्याला त्या वर्तुळात फिरवत ठेवण्यात गुरुत्वाकर्षणाचा 289 वा हिस्सा खर्च होतो. ध्रुवावर हा खर्च शून्य. शिवाय याच फिरण्यामुळे पृथ्वी कमरेपाशी फुगली असणार. न्यूटननं चपटेपणा 1/230 काढला. आजचा आकडा 1/298 आहे, कारण पृथ्वीची घनता आतून बाहेरपर्यंत एकसारखी नाही.

इथं एक गैरसमज होतो. विषुववृत्तावर आपण केंद्रापासून 21 किलोमीटर जास्त लांब असतो, म्हणून वजन घटतं, असं सांगितलं जातं. नुसतं अंतर धरलं तर घट 0.66 टक्के यायला हवी. पण फुगवट्यातलं जादा वस्तुमानही आपल्याला ओढतं आणि बरीचशी घट भरून काढतं. त्यामुळे आकाराचा वाटा उरतो 0.18 टक्के, फिरण्याचा 0.34. दोन्ही मिळून ध्रुवावर 9.832 असलेलं गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर 9.780 होतं.

तरी वाद मिटला नाही. फ्रान्समधल्या मोजणीवरून जाक कासिनी म्हणत होते की पृथ्वी ध्रुवांकडे लांबट आहे. शेवटी अकादमीनं 1735 मध्ये एक तुकडी पेरूकडे आणि 1736 मध्ये दुसरी लॅपलंडला पाठवली. लॅपलंडला मोपेर्त्यूई यांना रेखावृत्तावरचा एक अंश फ्रान्सपेक्षा लांब भरलेला मिळाला, म्हणजे पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी. आणि तिथं लंबकाचं घड्याळ पॅरिसपेक्षा दिवसाला सुमारे एक मिनिट पुढे धावत होतं.

पिकार यांच्या मापाचं काय झालं? 1790 मध्ये ते फ्रान्समध्ये पुन्हा पुढे आलं, पण आता '45 अंश अक्षांशावरचा लंबक' असं म्हणावं लागलं. सगळीकडचं माप एका जागेला बांधलं गेलं. 1791 मध्ये ते बाजूला ठेवून विषुववृत्त ते ध्रुव या अंतराचा एक कोटीवा भाग निवडला गेला. हाच आपला मीटर. पण तो काढतानाही पृथ्वीचा चपटेपणा धरावा लागला, तो आकडा थोडा चुकला, आणि मीटर ठरल्यापेक्षा सुमारे 0.2 मिलिमीटर आखूड राहिला.

लंबकाला टाळलं, तरी फुगवट्याला टाळता आलं नाही. रिशेंनी घड्याळ गुपचूप जुळवून टाकलं असतं, तर तो फुगवटा कळायला आणखी किती वेळ लागला असता, याचा विचार घरी जाताना जरूर करा.