अनोळखी तंबाखूची पारख : विजापूर, हैदराबाद आणि आपण

माहीत नसलेल्या कारखानदाराचा तंबाखू विकत घेताना माणूस कशावर विश्वास ठेवतो? कपडा हाताने चाचपता येतो, आंबा हुंगता येतो. तंबाखूचे तसे नाही. डबा उघडून, पाइपात भरून, पेटवून दोन झुरके घेतल्याशिवाय काही कळत नाही, आणि तोवर पैसे गेलेले असतात. पाइप ओढणाऱ्या जुन्या मंडळींचा यावर एक साधा नियम असे. नव्या घरचा माल पहिल्यांदा घ्यायचा तर थोडा घ्यावा, आणि आधी साधा व्हर्जिनिया घ्यावा. त्यात पानाचा मूळ गुण लपत नाही. गोड वासाचे, फळांचे अर्क मारलेले मिश्रण नंतर. लाकडाच्या धुरावर धुरवलेला, सीरियातल्या बंदराचे नाव लावणारा लताकिया सर्वांत शेवटी, कारण तो चिमूटभर घातला तरी बाकीच्या पानांना बोलू देत नाही.

मी स्वतः ओढत नाही. पण ही निवडीची गोष्ट मला इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. आपल्या दख्खनेत तंबाखू आला तेव्हा पहिला वाद नेमका याच प्रश्नावर झाला, आणि त्या वादाचे एक टोक आपल्या गोव्यापर्यंत येते.

तंबाखू मूळचा अमेरिकेचा. पोर्तुगिजांच्या जहाजांतून तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. 'तंबाखू' हा आपला शब्दसुद्धा त्यांच्या 'ताबाको'वरून आलेला. गोव्याच्या मागेच आदिलशाही मुलूख. १५१० पर्यंत तर गोवाच आदिलशाहीत होता. त्यामुळे किनाऱ्यावरची नवलाई घाट चढून विजापुरात पोचायला फार काळ लागला नसणार.

१६०३-०४ च्या सुमारास अकबराचा एक अधिकारी, असद बेग, विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाकडे वकिलीवर आला होता. शहजादा दानियाल याच्यासाठी ठरलेली आदिलशाही घराण्यातली वधू घेऊन जाणे हे त्याचे मुख्य काम. परतताना त्याने बादशहासाठी जमवलेल्या चीजवस्तूंत तंबाखूही होता. ही हकीगत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. हिंदुस्थानात आपण ही वस्तू पूर्वी पाहिली नव्हती, असे तो म्हणतो. मोगल दरबारच्या माणसाला जे अपूर्व वाटले ते विजापुरात मिळत होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

असद बेगने नुसता तंबाखू पुढे केला नाही. त्याने त्याचा थाट केला. अचिनहून आलेली तीन हात लांबीची नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकाम, तोंडाला येमेनी अकीक, पेटवायला सोन्याचे पात्र. आदिलशहाने दिलेल्या सुंदर पानाच्या बटव्यात तंबाखू भरला आणि सगळे चांदीच्या तबकात मांडले. बादशहाची नजर तबकावर गेली आणि त्याने विचारले, हे काय आहे? खान-ए-आझमने सांगितले की हा तंबाखू, मक्का-मदिनेत तो सर्वांना ठाऊक आहे आणि असदने औषध म्हणून आणला आहे.

अकबराने दोन-तीन झुरके घेतले तोच राजवैद्य आडवा आला. त्याचे म्हणणे साधे होते. आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, याचे गुणदोष कोणी तपासलेले नाहीत, तेव्हा बादशहांनी ते घेऊ नये. असद बेगने उलट विचारले की फिरंगी काय इतके मूर्ख आहेत, की त्यांना आपल्या वस्तूची माहिती नसावी? आणि वापरून पाहण्याआधीच तुम्ही निवाडा कसा देता? जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीनच होती. वैद्य म्हणाला, आमच्या शहाण्यांनी मान्य न केलेली फिरंग्यांची चाल आम्हाला नको. अकबराने कौल असदच्या बाजूने दिला. दुसऱ्या देशांतल्या शहाण्यांनी स्वीकारलेली गोष्ट केवळ आपल्या पोथीत नाही म्हणून टाकली तर आपण पुढे कसे जाणार, असा त्याचा आशय. गंमत म्हणजे बादशहाने स्वतः ते व्यसन लावून घेतले नाही. सरदारांनी मात्र असदकडून मागून मागून नेला, मग व्यापारी विकू लागले, आणि चाल पसरली. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने बंदीचा हुकूम काढला, पण त्याचा उपयोग झाला नाही.

हुक्का अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने शोधला अशी एक गोष्ट नेहमी सांगतात. हा हकीम १५८९ च्या सुमारास वारला, म्हणजे असद बेगचे तबक दरबारात येण्याच्या सुमारे पंधरा वर्षे आधी. तेव्हा ही गोष्ट मला तरी पटत नाही.

आता हैदराबादकडे वळू. मुहम्मद कुली कुतुबशहाने हे शहर १५९१ मध्ये वसवले. म्हणजे शहर आणि दख्खनेतला तंबाखू साधारण बरोबरीचेच. विजापुरातली हौस गोवळकोंड्याला आणि पुढे आसफजाही हैदराबादेत अंगवळणी पडली. तिथल्या हुक्क्यात कोरडे पान भरत नसत. तंबाखू कुटून गुळात मळायचा, त्यात मसाले आणि सुगंधी द्रव्ये घालायची आणि आंबवत ठेवायचा. हाच खमिरा, खमीर म्हणजे आंबवण. मिश्रण ज्याच्या त्याच्या हातचे, त्यामुळे अनोळखी दुकानदाराचा खमिरा म्हणजे पुन्हा तोच विश्वासाचा प्रश्न.

सालारजंग संग्रहालयातले बिदरी काम मी पाहिले ते काही वर्षांपूर्वी, सरकारी रजेतल्या चार दिवसांत. तिथे हुक्क्यांचे तळ आहेत. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेला धातू, त्यावर कोरून बसवलेले चांदीचे वेल, आणि बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर लावून आणलेला तो गडद काळा रंग. त्या काळ्यावर चांदी अशी उठते की नजर हलत नाही. जुने तळ गोल, नारळासारखे, खाली कड्यावर टेकवायचे. पुढचे घंटेच्या घाटाचे, आपले आपण उभे राहणारे. ते बघताना असद बेगचे तबक आठवले. आत काय भरले आहे याची खात्री देता येत नसेल तर भांडे असे करावे, की घेणाऱ्याला शंका विचारायचे सुचूच नये. बिदरच्या कारागिरांनी हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पण परिणाम तोच झाला.

विसाव्या शतकात हे काम भांड्याकडून नावाकडे गेले. वझीर सुलतान यांच्या तंबाखूच्या धंद्यातून १९३० मध्ये निजामाच्या राज्यातल्या कायद्यानुसार 'वझीर सुलतान टोबॅको कंपनी' नोंदली गेली. तीच आजची व्ही.एस.टी. इंडस्ट्रीज. हिची गाजलेली सिगारेट म्हणजे चारमिनार. विलायती नावांची चलती असताना पाकिटावर आला तो गावचा चारमिनार. कारखानदार अनोळखी असेल, पण चारमिनार कोणाला अनोळखी? मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. तिथल्या मराठी माणसाच्या दृष्टीने ते आपल्या राजधानीचेच चित्र. पुढे ही सिगारेट इतकी दूर गेली, की सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदासुद्धा चारमिनारच ओढतो.

म्हणजे माणसाने पारख केली ती तंबाखूची क्वचितच. कधी आणणाऱ्यावर भरवसा ठेवला, कधी भांड्यावर, कधी पाकिटावरच्या चित्रावर.

इथे त्या राजवैद्याकडे परत जावे लागते. इतिहास वाचताना आपण सहज असद बेगच्या बाजूला जातो. नवे स्वीकारणारा तो शहाणा आणि पोथी धरून बसणारा वैद्य मागासलेला, हे आपल्याला शाळेपासून शिकवलेले असते. पण १९५० मध्ये इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला, १९६४ मध्ये अमेरिकन सरकारचा अहवाल आला, आणि साडेतीनशे वर्षांनी निकाल वैद्याच्या बाजूने लागला. त्याचे कारण चुकीचे होते. ग्रंथात नाही म्हणून वाईट, हा काही पुरावा नव्हे. पण 'तपासल्याशिवाय नको' हा त्याच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा होता. असद बेगचाही अर्धा भाग खरा होता, की वस्तूचा निवाडा तिच्या गुणदोषांवरून व्हावा. मात्र दोन झुरक्यांत चव कळते. वीस-तीस वर्षांनी फुप्फुसात काय होते ते कळत नाही. तपासणी करा असे दोघेही म्हणत होते, आणि ती करण्याचे साधन दोघांकडेही नव्हते.

आपल्या गोव्याने धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा १९९७ मध्ये केला, म्हणजे केंद्राच्या २००३ च्या कायद्याच्या आधी. ज्या किनाऱ्यावर हे पान उतरले तिथेच हे घडले, याचे मला बरे वाटते. तेलंगणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हुक्का पार्लरांवर बंदी आणणारी दुरुस्ती विधानसभेत मंजूर केली. त्या पार्लरांतही फळांच्या वासाची नवनवी मिश्रणे आणि काचेची देखणी भांडी असत, आणि पाण्यातून येणारा धूर निरुपद्रवी असतो असे कोणीतरी ठामपणे सांगत असे. ते खरे नाही, पण सांगणारा आत्मविश्वासाने सांगे.

कोणी नवे मिश्रण, नवे औषध किंवा नवा विचार चांदीच्या तबकात घालून पुढे केला, तर अकबराने केले तेवढे तरी आपण करावे. दोन्ही बाजू ऐकाव्यात, नव्याला नवे म्हणून हाकलू नये. पण दरबाराने ओढले म्हणून आपणही ओढावे, असे काही नाही. त्याने ओढले नाही, हे मात्र त्याच्या सरदारांनी पाहिलेच नाही.