चरबीचं काडतूस आणि फायलीत राहिलेला इशारा

१८५७ म्हटलं की शाळेतलं एकच वाक्य आठवतं: काडतुसांना गाय-डुकराची चरबी लावली आणि शिपाई भडकले. पण मुळात काडतुसाला चरबी लागतेच कशाला? आणि या धोक्याची कल्पना सरकारला कधीपासून होती? पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा.

जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, गोळी सैल जायची. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा होत्या. नेम लांबवर लागायचा, पण भरायची तोंडाकडूनच. काही बार झाले की जळक्या दारूची काजळी आत धरायची आणि गोळी खाली उतरेना. म्हणून कागदी काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला वंगण लावत: जनावराची चरबी आणि मेण. शिपायाने दारूकडचं टोक दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटं करून वंगणाच्या कागदासकट गोळी आत सारायची, गजाने दाबायची. म्हणजे दात लागायचे ते टोक कोरडं! साहेबाला हा खुलासा पुरेसा वाटला असेल. पण बंगालच्या उकाड्यात चरबी एका टोकाला थोडीच थांबते? आणि हात तर लागायचेच.

हे वंगण इथल्या हवेत टिकतं का, हे बघायला १८५३ मध्येच नमुन्याची काडतुसं हिंदुस्थानात आली होती. बंगाल लष्कराचे अॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी त्याच डिसेंबरात लेखी कळवलं की, वंगण शिपायांच्या धर्माला बाधणारं नाही याची खात्री होईपर्यंत ही काडतुसं देशी पलटणींना देऊ नका. पत्र मिलिटरी बोर्डाकडे गेलं आणि तिथेच जिरलं. पुढे फोर्ट विल्यममध्ये काडतुसं बनू लागली तेव्हा कंत्राटदाराची चरबी कुठल्या जनावराची, हे कुणी नीट तपासलंच नाही.

जानेवारी १८५७ मध्ये डमडमला बोभाटा झाला. मग मात्र सरकार झटपट हललं. २७ जानेवारीला हुकूम निघाला: काडतुसं बिनवंगणाची द्या, शिपाई आपल्या पसंतीचं वंगण लावतील. मार्चमध्ये दाताऐवजी हाताने फाडायची मुभाही आली. पण तोवर शंका चरबीवरून कागदावर गेली होती. कागद चकाकतो म्हणजे त्यातच काहीतरी आहे! बरहामपूरच्या १९ व्या पलटणीने फेब्रुवारीतच साधी काडतुसं नाकारली होती.

२४ एप्रिलला मेरठमध्ये कर्नल स्मिथने ३ ऱ्या घोडदळाचे ९० स्वार उभे केले. हाताने फाडायची नवी पद्धत दाखवायला! काडतुसं होती जुनीच, नेहमीच्या वापरातली. ८५ जणांनी हात लावला नाही. बहुतेकांना दहा वर्षं सक्तमजुरी झाली. ९ मेला भर परेडवर त्यांना बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेरठ पेटलं.