'कसून चौकशी सुरू आहे'

पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. 25 सप्टेंबर 2015 रोजी, बकरी ईदच्या दिवशी, तिथल्या एका मशिदीबाहेर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसांवर एका तरुणाने चाकूने हल्ला केला. पोलीस जखमी झाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात गोवंशहत्याबंदीचा नवा कायदा राज्यात लागू झाला होता, आणि हल्ल्यामागे त्या कायद्याचा राग होता असे अभियोगपक्षाचे म्हणणे. पुढे तपास दहशतवादविरोधी पथकाकडे गेला. हल्लेखोराबरोबर आणखी दोघांवर मुसलमान तरुणांना दहशतवादी संघटनांकडे वळवण्याचा कट रचल्याचा आरोप ठेवण्यात आला. कायदा लावला तो बेकायदा कृत्ये प्रतिबंधक, म्हणजे आता खेड्यातला वाचकही ज्याला 'यूएपीए' म्हणून ओळखतो तो. खटला चालला अकोल्याच्या विशेष न्यायालयात.

मे 2019 मध्ये न्यायाधीश ए. एस. जाधव यांनी निकाल दिला. चाकूहल्ला सिद्ध झाला, त्याबद्दल एकाला तीन वर्षांची शिक्षा झाली. दहशतवादाचा आरोप मात्र तिघांवरही टिकला नाही. आरोपीने 'जिहाद' हा शब्द उच्चारला होता हे न्यायालयाने नाकारले नाही. पण त्या शब्दाचा कोशातला अर्थ 'झगडा' किंवा 'धडपड' असा आहे, आणि निव्वळ तो शब्द तोंडात आला म्हणून माणसाला दहशतवादी ठरवणे हे फार धाडसाचे होईल, असा निकालपत्राचा आशय होता. जून महिन्यात वृत्तसंस्थेमार्फत ही बातमी देशभर गेली.

या निकालाकडे 'निरपराध सुटला' अशा ठोकळ्यात पाहता येत नाही, आणि म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो. गुन्हा खरा होता, रक्त सांडले होते. गुन्ह्यावर लावलेले नाव सिद्ध झाले नाही. हल्ला आणि त्याचे नाव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला न्यायालयाला पावणेचार वर्षे लागली. आपल्या बातम्यांना त्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवता येतात का, हा प्रश्न वऱ्हाडात नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तो अमरावतीच्या मांडवात आला होता.

22 जून 1897 च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. मारेकरी सापडत नव्हते. मुंबईच्या अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रांनी मात्र तपास संपल्याच्या थाटात पुण्यातल्या ब्राह्मणांकडे आणि विशेषतः 'केसरी'तल्या लिखाणाकडे बोट दाखवायला सुरुवात केली होती. जुलैच्या अखेरीस टिळकांना राजद्रोहासाठी पकडले आणि त्याच सुमारास बाळासाहेब व तात्यासाहेब या नातूबंधूंनाही उचलले. टिळकांवर निदान खटला तरी झाला, सप्टेंबरात दीड वर्षाची शिक्षा झाली. नातूंवर आरोपपत्रच नव्हते. 1827 च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, म्हणजे एल्फिन्स्टनच्या काळात पेंढारी आणि संस्थानिकांची आठवण ताजी असताना केलेल्या नियमाखाली, त्यांना विनाचौकशी स्थानबद्ध केले होते. ऑक्टोबरात दामोदर चापेकरांचा कबुलीजबाब झाला. खुनाचा धागा मिळाला, तरी नातू आतच राहिले. त्यांची सुटका 1899 मध्ये झाली.

त्या वर्षीची काँग्रेस डिसेंबरात अमरावतीला भरली. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचे आणि कारभाराला इंग्रजांचे, अशी दुहेरी स्थिती होती. प्लेग आणि दुष्काळ दोन्ही चालू. अशा वेळी या अधिवेशनाने विनाचौकशी स्थानबद्धतेच्या विरोधात ठराव केला आणि त्यात नातूंचे प्रकरण आणले. रँडच्या खुनाचे समर्थन मांडवात कुणीच केले नव्हते. खून निंद्य आहे आणि तरीही संशयिताला न्यायालयापुढे उभे केले पाहिजे, ही दोन वाक्ये एका श्वासात म्हणता येतात हे अमरावतीने तेव्हा दाखवले. आज एखाद्या वाहिनीवर ती दोन्ही म्हणून पाहावीत. दुसरे सुरू व्हायच्या आत ध्वनिक्षेपक बंद होईल.

अकरा वर्षांनी तोच खेळ मोठ्या पटावर झाला. 30 एप्रिल 1908 ला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, केनेडी मायलेकी मेल्या, खुदिराम बोस पकडला गेला. 'केसरी'ने त्यावर लिहिलेल्या लेखांबद्दल टिळकांवर पुन्हा खटला झाला. त्या खटल्यातली एक चीज मला फार बोलकी वाटते. पुण्याच्या घरझडतीत पोलिसांना एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटक पदार्थांवरच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे होती. सरकारपक्षाने ते पुराव्यात दाखल केले. सरकारने नुकताच स्फोटक द्रव्यांचा कायदा केला आहे, त्यावर टीका लिहायची तर विषय माहीत हवा, म्हणून नावे टिपली होती, असा टिळकांचा खुलासा होता. संपादकाच्या घरातली पुस्तकांची यादी निव्वळ यादी राहत नाही, तिच्यावर संशयाचा प्रकाश पडला की ती 'सामग्री' होते. 'आक्षेपार्ह साहित्य जप्त' हे शब्द आजच्या बातमीत वाचले की ते कार्ड आठवते. साहित्य कोणते, ते बाजारात मिळते की नाही, हे बातमीत बहुधा नसते.

दुसरी गोष्ट भाषेची. लेख मराठी, पण ज्यूरीतल्या सात युरोपियनांना आणि दोन पारश्यांना मराठी लेख वाचता येत नव्हते. त्यांच्यापुढे होते ते सरकारी भाषांतर. एकवीस तासांहून अधिक चाललेल्या भाषणात टिळकांनी बराच वेळ खर्ची घातला तो मराठी शब्दाला इंग्रजीत कोणती छटा आली आणि कोणती हरवली हे सांगण्यात. ज्यूरी सात विरुद्ध दोन अशी फुटली आणि 22 जुलै 1908 ला न्या. दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. मग खापर्डे वकिली बाजूला ठेवून प्रीव्ही कौन्सिलमधल्या अपिलासाठी विलायतेला गेले आणि दोन वर्षे तिकडेच राहिले. अपील फेटाळले गेले. 1908 च्या मुंबईत शब्दांच्या छटा ऐकून घेतल्या गेल्या नाहीत, 2019 च्या अकोल्यात न्यायाधीशाने स्वतः कोश उघडला. मधल्या काळात काहीच बदलले नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता कबुलीकडे येऊ, कारण बातमीचा प्राण तिथे असतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, हा नियम आपल्याकडे 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आला आणि 1872 च्या पुरावा कायद्यात पंचविसावे कलम होऊन बसला. तो कुण्या देशभक्ताने मिळवलेला नाही, इंग्रजांनीच केला. 1855 मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने जे बाहेर काढले, त्यानंतर पोलिसांच्या हातातल्या कबुलीवर विसंबणे त्यांना लाजिरवाणे वाटू लागले होते. पुरावा कायदा लिहिणाऱ्या स्टीफनने तर पुढे नोंदवले आहे की, उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून माणसाचे हाल करणे पोलिसांना सोपे जाते, असे त्याला एका अधिकाऱ्याने सांगितले होते. स्वतंत्र भारताने 'टाडा', 'मोक्का' आणि 'पोटा' या कायद्यांत या नियमाला भोक पाडले. अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली. 'यूएपीए'त ती सोय नाही. म्हणजे 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' या एकाच वाक्याचे वजन कायद्यागणिक बदलते. बातमीत ते वजन कधी छापलेले दिसत नाही.

11 जुलै 2006 च्या मुंबईतल्या लोकल स्फोटांचा खटला 'मोक्का'खालचा. सात स्फोट, दीडशेहून कितीतरी अधिक बळी. त्या वर्षी पथकाच्या पत्रकार परिषदांतून आलेला तपशील, बॉम्ब कुठे भरले, कोण कुठून आले, आपण सर्वांनी कादंबरीसारखा वाचला. त्याचा आधार मुख्यतः कबुलीजबाब होते. 2015 मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. 21 जुलै 2025 रोजी न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने सर्वांना निर्दोष ठरवले; कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. येरवडा, नाशिक, नागपूर आणि अमरावतीच्या तुरुंगांतून दूरदृश्य प्रणालीवर कैदी हा निकाल ऐकत होते. एक जण त्याआधीच, 2021 मध्ये, करोनाने गेला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत आत मात्र पाठवले नाही. म्हणजे प्रकरणावर शेवटचा पडदा पडलेला नाही. मेलेल्यांच्या घरच्यांना काय सांगायचे, हा प्रश्न तर तसाच आहे.

दहाच दिवसांनी, 31 जुलैला, मालेगावच्या 2008 च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले. तिथे आरोपींचा धर्म वेगळा होता आणि टाळ्या वाजवणारेही वेगळे. स्वामी असीमानंदांचा दिल्लीच्या दंडाधिकाऱ्यांपुढचा डिसेंबर 2010 चा कबुलीजबाब 2011 च्या जानेवारीत छापून आला तेव्हा आधी 'पोलिसांवर विश्वास ठेवू नका' म्हणणारे पुष्कळ लोक त्यावर विश्वास ठेवून मोकळे झाले. पुढे त्यांनी तो मागे घेतला आणि मक्का मशीद व समझौता या दोन्ही खटल्यांत ते सुटले. कबुली आपल्या मनासारखी असली की तिची छाननी करायचे कुणाला सुचत नाही. यात मी माझाही समावेश करतो.

चौकशीची खोली थेट पडद्यावर आली तीही याच काळात. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीची नार्को चाचणी 2006 मध्ये वाहिन्यांनी दाखवली. औषधाच्या अमलाखाली बडबडणारा माणूस दिवाणखान्यात बसून पाहायची सवय तिथून लागली. 5 मे 2010 रोजी सेल्वी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना अशी चाचणी घटनाबाह्य ठरवली. चित्रफिती मात्र तोवर लोकांच्या डोक्यात बसल्या होत्या.

सगळा दोष वार्ताहरावर टाकणे मला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये प्राथमिक माहिती अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला, पण दहशतवादाचे गुन्हे त्यातून वगळले. जिल्ह्याच्या ठिकाणचा वार्ताहर अशा प्रकरणात काय करणार? कागद मिळत नाही, आरोपीचा वकील अजून ठरलेला नसतो, नातेवाईक बोलायला घाबरतात. बोलतो तो एकटा पोलीस अधिकारी, तोही नाव छापू नका म्हणतो. त्याच अधिकाऱ्याकडून उद्या अपघाताची, परवा चोरीची बातमी घ्यायची असते. 'सूत्रांनी सांगितले' हा शब्दप्रयोग या टंचाईतून येतो. तिथून 'मास्टरमाइंड', 'मोड्यूल', 'धागेदोरे' असे तयार शब्द मिळतात आणि शेवटी बातमी संपवायला 'कसून चौकशी सुरू आहे' असतेच. 'कसून' म्हणजे नेमके काय, हे विचारायची पद्धत नाही.

निदान एक गोष्ट करता येण्यासारखी आहे, आणि ती न्यायालयानेच सांगितली आहे. 18 जानेवारी 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, एका अभिनेत्याच्या मृत्यूच्या वार्तांकनावरून आलेल्या याचिकांत, माध्यमांनी काय टाळावे याची जंत्री दिली. पोलिसांपुढची कथित कबुली छापताना ती कायद्याने पुरावा ठरत नाही हे वाचकाला न सांगणे, हे त्यात आहे. म्हणजे एक ओळ वाढवायची. 2023 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही पोलिसांच्या पत्रकारांशी बोलण्याबाबत नियमावली करायला केंद्राला सांगितले. आरोपीला आणि बळींना, दोघांनाही त्या बोलण्याने इजा होते, असे त्यामागचे म्हणणे होते.

पुसदच्या त्या तरुणाला झालेली शिक्षा तीन वर्षांची. तो सप्टेंबर 2015 पासून कोठडीत होता, निकाल लागला तेव्हा तीन वर्षे आणि जवळपास आठ महिने झाले होते. त्यामुळे ज्या दिवशी तो चाकूहल्ल्यासाठी दोषी ठरला, त्या दिवशी त्याने भोगायची शिक्षा उरलेलीच नव्हती.