डीआरची गाडी

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. त्याला नुसतं अपशिंगे कुणी म्हणत नाही, अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान परमुलखात कामी आले. आमचं गाव एवढं नावाजलेलं नाही, पण येरळेच्या दोन्ही काठांना, वर खटावपासून खाली तासगावपर्यंत, कुठल्याही भावकीत पलटणीत गेलेला माणूस सापडतोच. पावसाचा भरवसा नाही, रान मुरमाड. पोटासाठी वाटा दोनच, एक पलटण आणि दुसरी गलाई. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा. खानापूर, आटपाडी, खटावकडची माणसं त्या धंद्यापायी देशभर पसरली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं या गाडीचे पार्ट शोधताना पलटण कामाला आली नाही, गलाई आली.

गाडी म्हणजे बी.एस.ए. एम-२०. विलायतेतल्या बर्मिंगहॅमच्या कंपनीची. मूळ धंदा बंदुकांचा, म्हणून कंपनीच्या छापावर तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसतात. एकच सिलिंडर, ४९६ सीसी, ताकद तेरा घोड्यांची आणि वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. म्हणजे बैल दांडगा पण चाल म्हशीची. तरीही दुसऱ्या महायुद्धात या जातीच्या गाड्या सव्वा लाखाच्या घरात बनल्या. कारण सोपं आहे. गाडी पळण्यापेक्षा न थांबण्यासाठी बनवली होती. कॉम्प्रेशन इतकं कमी, की हलकंसलकं पेट्रोलही तिला पचायचं.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते सिग्नल्समध्ये डिस्पॅच रायडर होते. पलटणीच्या बोलीत डीआर. वायरलेसवरचं बोलणं दुश्मन ऐकतो, तारा तोफेच्या गोळ्यानं तुटतात, मग हुकमाचा कागद माणसानंच पोचवायचा. रात्री, दिव्याला झाकण लावून. हेडलाइटच्या तोंडाला पत्र्याची टोपी आणि तिला बारीक फटी, एवढाच उजेड. आबा इटलीत होते. सांग्रो नदीला ते 'सांगरू' म्हणायचे, आणि तिथला चिखल आपल्या काळवटीपेक्षा वाईट, याच्या पुढं फारसं बोलायचे नाहीत.

त्या युद्धात पंचवीस लाख हिंदी माणूस पलटणीत होता, सगळा आपखुशीनं भरती झालेला. आपखुशी या शब्दात दुष्काळ किती आणि खुशी किती, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. आणि त्याच वेळी इकडं काय चाललं होतं? ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, त्याच्यावर गोळीबार झाला. पाठोपाठ क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, कुंडल हे त्याचं मोठं ठाणं. जून १९४३ मध्ये तुफान सेनेनं शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वे लुटली. त्या सालात आबा इंग्रजांच्या गाडीवर इंग्रजांचे कागद पोचवत होते, आणि आमच्याच मळ्यातल्या वस्तीवर भूमिगत जेवून जायचे. भाकरी माझी आजी थापायची. एका चुलीवरचं हे दोन बाजूंचं जेवण तिला कधी विचित्र वाटलं नाही. दोघंही आमचेच, असं ती म्हणायची.

गावात अजून बोलतात, की आबांनी ही गाडी इटलीतून आणली. तसं झालेलं नाही. शिपायाला ट्रंक आणि होल्डॉल आणायची मुश्कील, गाडी कशी आणणार? युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात पडून राहिलेला लष्करी माल डिस्पोजलमध्ये निघाला. त्यातली ही गाडी आबांनी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून १९५१ साली घेतली. तेव्हा आमचा जिल्हा दक्षिण सातारा होता, सांगली हे नाव १९६० ला मिळालं. पुढची तीस वर्षं तिच्यावर शेंगेचं पोतं गेलं, गुळाची ढेप गेली, बाळंतीणही गेली. पंप बिघडला की पार्ट मागं बांधून आबा किर्लोस्करवाडी गाठायचे. पेट्रोल महागलं तेव्हा पेट्रोलवर सुरू करून, तापल्यावर रॉकेल मिसळून चालवली. १९८३ ला ती कडब्याच्या खोलीत गेली आणि तिथंच राहिली. आबा १९९४ ला गेले.

२०१६ ला उसाचं बिल बरं आलं आणि मी तिला बाहेर काढली. थोरल्या आईनं, म्हणजे आबांच्या कारभारणीनं, एवढंच सांगितलं, "चालू झाल्याली मला ऐकायची हाय. लवकर कर." तेव्हा तिची ऐंशी उलटलेली होती.

पहिली अडचण आट्यांची. आपल्याकडचे पाने मिलिमीटरचे. या गाडीचे नट-बोल्ट विटवर्थ मापाचे आणि काही सायकल आट्यांचे, इंचाला २६. विटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टाच्या डोक्याचा नसतो, दांड्याच्या जाडीचा असतो. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक मिलिमीटरचा पाना बसवतो, तो घसरतो, डोकं गोल होतं, आणि मग छिन्नी-हातोडा. अशा छिन्नीनं मारलेल्या जुन्या गाड्या मी ढिगानं बघितल्यात. आमच्या विहिरीवर पूर्वी विलायती इंजिन होतं, त्याचे पाने माळ्यावर होते. तेच तंतोतंत बसले.

टायरची चिंता नव्हती. ३.२५-१९ हे माप जुन्या बुलेटचंही. आपल्या लष्करानं १९५०च्या दशकात बुलेट घेतल्या, १९५५ ला मद्रासमध्ये कारखाना निघाला, आणि त्या एका निर्णयामुळं विलायती गाड्यांची काही मापं या देशात जिवंत राहिली. बुलेट आली नसती तर एम-२० वाल्यानं टायरलाही विलायतेचं तोंड बघितलं असतं.

सिलिंडर झिजून अंडाकृती झालेला. मूळ बोअर ८२ मिलिमीटर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याला नवी स्लीव्ह घातली. पिस्टन दिल्लीच्या करोल बागेत मिळाला. आमच्या शेजारच्या गावचा एक गलाईवाला तिथं चाळीस वर्षं आहे. त्याला मोटरसायकलीतलं काही कळत नाही, पण वजन आणि माप कळतं. कॅलिपर घेऊन तो तीन रविवार दुकानं फिरला. सोनं पारखणाऱ्या माणसाला भेसळ चटकन दिसते. एका व्यापाऱ्यानं मला आधी नॉर्टनचा गिअर लिव्हर बी.एस.ए.चा म्हणून गळ्यात मारला होता, तोही यानंच ओळखला.

सगळ्यात छळलं ते मॅग्नेटोनं. गाडी थंडीत एका किकेत सुरू व्हायची, दोन-तीन किलोमीटरवर गरम झाली की गप्प. पुन्हा गार झाली की सुरू. तीन मेकॅनिक कार्बोरेटर खोलत बसले. विट्याला पंपाच्या मोटारी भरणारा एक म्हातारा मिस्त्री आहे, त्यानं लक्षण ऐकूनच सांगितलं, "आतला कंडेन्सर गेलाय, आणि लाख वितळलीया." आर्मेचर उघडलं तर खरंच तसं. केसाहून बारीक तार, हजारो वेढे. त्यानं चष्म्यावर चष्मा लावून बारा दिवस भरलं. मजुरी सांगितली ती ऐकून मलाच लाज वाटली, जास्त दिली. त्याचा मुलगा मोबाइलचं दुकान चालवतो. हे काम त्याच्यानंतर आमच्या तालुक्यात कोण करणार, याचं उत्तर कुणाकडं नाही.

बरोबर पार्ट म्हणजे भारी पार्ट नव्हे, हे मला फुटरेस्टनं शिकवलं. आमच्या गाडीला नुसत्या लोखंडाचा फुटरेस्ट. सगळे म्हणाले रबर झिजून गेलंय, नवं घाला. पण त्यावर रबर बसायची जागाच नव्हती. १९४२ च्या सुरुवातीला जपान्यांनी मलाया घेतला, सिंगापूर पडलं, इंग्रजांचं रबर तुटलं. मग गाड्यांचे फुटरेस्ट उघड्या लोखंडाचे झाले आणि हँडलच्या मुठींना कॅनव्हास आलं. त्या लोखंडाच्या तुकड्यात सिंगापूरची हार आहे. त्याला चकचकीत रबर चढवणं म्हणजे शिलालेखावर ऑइलपेंट फासणं. क्रोमचंही तेच. लग्नातल्या घोड्यासारखी चमकणारी मिलिटरी गाडी बघितली की मी तोंड फिरवतो.

नंबरांचा एक घोळ सांगायला हवा. इंजिन आणि फ्रेम, दोन्हींचे आकडे डब्ल्यूएम-२० नं सुरू होतात, पण पुढचे आकडे जुळत नाहीत. लोकांना वाटतं गाडी चोरीची किंवा जोडाजोडीची. युद्धकाळात कंपनीनं ते जुळवलेच नव्हते. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, अट अशी की मूळ रूप बदललेलं नसावं. आकडे जुळत नाहीत हेच मूळ रूप, हे मी अर्जासोबत दोन पानं लिहून जोडलं.

राहिला रंग. वरचा निळा थर ओल्या पॉलिशपेपरनं घासला, खाली हिरवा लागला, त्याच्याखाली तपकिरी. १९४२ नंतर विलायतेत लष्करी गाड्यांना असा तपकिरी देत होते, ऑलिव्ह रंग १९४४ नंतरचा. म्हणजे तपकिरी खरा. पारावर एकानं विचारलं, "नाना पाटलांच्या मुलखात इंग्रजाचा रंग लावतोस व्हय?" मी म्हटलं, गाडी इंग्रजाची, पण तिच्यावर बसलेला माणूस येरळेकाठचा होता, त्याच्या बुडाखालचा रंग पुसायचा मला हक्क नाही. तो गप्प बसला.

थोरली आई मात्र गप्प बसली नाही. "ती निळीच व्हती. तपकिरी कोण म्हनतंय?" खरं होतं. आबांनी घरी आणल्याच्या वर्षीच पंपाच्या खोलीच्या दाराला आणलेल्या निळ्या ऑइलपेंटनं टाकी रंगवली होती. इटलीतली तपकिरी गाडी आबांनी बघितली, तिनं नाही. तिचा संसार निळ्या टाकीच्या मागं बसून झाला.

फ्रेम आणि मडगार्ड तपकिरी केले. टाकी तशीच निळी ठेवली, तळाला हाताच्या पंजाएवढी जागा घासून तिन्ही थर उघडे ठेवले. पुण्याचे एक जाणकार बघायला आले, त्यांनी नापसंती दाखवली. दाखवू देत. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा थोरली आई सोप्यात बसली होती. ऐकलं आणि म्हणाली, "हिचा आवाज असाच व्हता, पण त्यो किक मारायचा तवा शिवी द्यायचा."

मुठींचं कॅनव्हास तेवढं राहिलंय. आबांच्या होल्डॉलचं कापड त्याच जातीचं आहे, पण ते कापायला ती देत नाही.