अदृश्य हात आणि कुडाळचे मीठ

‘अदृश्य हात’ हा इंग्रजीतील शब्दप्रयोग ॲडम स्मिथच्या नावावर मोडतो. परंतु तो त्याने घडविलेला नव्हे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये असा हात रात्रीला दिलेला आहे, आणि तो रक्ताने माखलेला आहे. धर्मोपदेशक तो ईश्वराच्या ठायी कल्पीत. खुद्द स्मिथच्या लेखनात तो अवघा तीन वेळा येतो: खगोलशास्त्राच्या इतिहासावरील निबंधात जुपिटर देवाचा म्हणून, १७५९ च्या नीतिविषयक ग्रंथात धनाढ्य जमीनदारांच्या संदर्भात, आणि १७७६ च्या ‘राष्ट्रांची संपत्ती’ या ग्रंथात व्यापाऱ्याविषयी. परमुलखात भांडवल बुडेल या धास्तीने व्यापारी ते स्वदेशातच गुंतवितो. पाहतो स्वतःचा नफा, पण त्याच्या हातून जे हित घडते ते त्याच्या मनातही नसते. एवढाच त्या स्थळाचा आशय. ‘बाजाराचा अदृश्य हात’ असे शब्द स्मिथने कोठेही लिहिलेले नाहीत.

येथे इंग्रजी उपपदाची एक गंमत आहे. स्मिथचा हात हा ‘कोणी एक’ हात आहे. पुढील लेखकांनी निश्चयवाचक उपपद लावून त्याला ‘तो सुप्रसिद्ध’ हात केले. उपमेचा सिद्धांत झाला तो असा. मराठीला उपपदे नसल्याने हा फरक भाषांतरात नाहीसा होतो. शिवाय ‘यात त्याचा हात आहे’ असे मराठी माणूस बहुधा कारस्थानाविषयीच म्हणतो. त्यामुळे त्याच्या कानाला अदृश्य हात उपकारकर्त्याचा न वाटता चोराचा वाटतो!

मालवण-कुडाळच्या मुलखात मात्र याच प्रश्नाचा निवाडा स्मिथच्या ग्रंथापूर्वी १०५ वर्षे एका उघड हाताने केलेला आढळतो. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव यास मिठाविषयी पत्र पाठविले. पोर्तुगीजांच्या बारदेशातील मीठ स्वस्त पडे. व्यापारी तिकडे वळले, तर संगमेश्वराकडचे मीठ पडून राहील आणि जकातही बुडेल; सबब बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी की ते महागच पडावे, अशी ती आज्ञा होती. स्मिथचा व्यापारी धास्तीने घरी राहतो. हा व्यापारी चार पैशांच्या फरकाने सीमेपार जाणारा होता. या जकातीचा भार अखेर मीठ खाणाऱ्यावर पडतो, हा स्मिथपंथीयांचा आक्षेप खोटा नव्हे. परंतु मिठागरे एकदा ओस पडली म्हणजे ती पुन्हा उभी करणे सोपे नसते, हेही तितकेच खरे.

स्मिथचा तो हात येतो ते प्रकरणच आयातीवरील निर्बंधांच्या विरोधात लिहिलेले आहे. तरीही त्याच प्रकरणात त्याने इंग्लंडच्या नौकानयन कायद्याला अपवाद म्हणून मान्यता दिली, कारण संपत्तीहून संरक्षण मोठे. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घालणाऱ्या राजाला हा अपवाद परका वाटला नसता. पुढे १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात न्यायमूर्ती रानडे यांनी, इंग्रजी अर्थशास्त्राची गृहीतके सर्व देशांना सर्व काळी लागू पडत नाहीत, हे सविस्तर मांडले. अदृश्य हाताचा दाखला देणाऱ्यांनी स्मिथचा तो अपवाद मात्र क्वचितच उद्धृत केला.